दुर्मिळ ग्रंथांचे प्रदर्शन : काहीही विकत न घेता तिथे रमण्याचे सुख

कागदखूण

जुन्या आणि दुर्मिळ ग्रंथांचे विक्रेते आपापली दालने मांडून बसतात, अशा प्रदर्शनांविषयी हा धागा आहे. जुनी पुस्तके संग्रहालयातही असतात. पण तिथले पुस्तक काचेखाली असते आणि त्याचे कोणते पान उघडे ठेवायचे हे दुसऱ्या कोणी तरी आधीच ठरवलेले असते. ग्रंथालयाच्या दुर्मिळ विभागात पुस्तक हाती मिळते, मात्र ते तिथे आहे हे आपल्याला आधी ठाऊक असावे लागते. विक्रीच्या प्रदर्शनात या दोन्ही अडचणी उरत नाहीत. तिथला ग्रंथ विकायचा असल्यामुळे तो येणाऱ्याला उघडून पाहू द्यावाच लागतो, आणि ज्याचे नावही आपण कधी ऐकलेले नसते असे काही तरी शेजारच्या फळीवरून अवचित समोर येते. वनस्पतींच्या, हाताने रंगवलेल्या चित्रांचा ग्रंथ, त्याला लागून बुद्धिबळाच्या डावांची पुस्तिका, त्यापलीकडे एखाद्या अनाम प्रवाशाची हस्तलिखित रोजनिशी असा शेजार कोणत्याही ग्रंथपालाच्या वर्गीकरणात बसणार नाही.

माझ्या मते तिथला सर्वांत मोठा आनंद पुस्तक ही वस्तू म्हणून न्याहाळण्याचा असतो, आणि तो घेण्यासाठी खरेदीची ऐपत असावी लागत नाही. या विषयावर मला दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. अशा ठिकाणी गेल्यावर तुम्ही नेमके काय पाहता? आणि विकत घेण्याचा विचार नसताना विक्रेत्याचा वेळ घेऊन ग्रंथ चाळणे तुम्हाला योग्य वाटते का?

दप्तरदार

मी सर्वांत आधी कागद पाहतो. विक्रेत्याची परवानगी घेऊन एक पान अलगद उचलावे आणि उजेडासमोर धरावे. हाताने बनवलेल्या जुन्या कागदात दोन प्रकारच्या रेषा दिसतात. एक, अगदी जवळजवळ असलेल्या बारीक रेषा. दुसऱ्या, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या, अंतराअंतरावरच्या ठळक रेषा. लगदा ज्या तारांच्या चाळणीवर पसरला जाई, तिचा हा ठसा असतो. त्यातच कुठे तरी कागद करणाऱ्याचे जलचिन्ह सापडते.

या रेषांवरून पुस्तक कसे घडले हे कळते. मोठा ताव एकदाच दुमडला असेल, तर ठळक रेषा उभ्या येतात आणि जलचिन्ह पानाच्या मध्यावर दिसते. तोच ताव दोनदा दुमडला, की रेषा आडव्या होतात आणि जलचिन्ह शिवणीच्या घडीत अर्धे लपते. तिसऱ्यांदा दुमडल्यावर रेषा पुन्हा उभ्या होतात आणि जलचिन्ह घडीतच, पण वरच्या कडेला सरकते. पुस्तकाच्या आकारावरून फसगत होऊ शकते, कारण कडा नंतर छाटलेल्या असतात. रेषांची दिशा मात्र बदलत नाही. हे एकदा डोळ्यांना कळले, की कोणतेही जुने पुस्तक हाती आल्यावर तो मूळचा अखंड ताव मनासमोर उलगडू लागतो, आणि छापखान्यातल्या माणसाने त्यावर कोणते पान कुठे आणि उलटे की सुलटे मांडले असेल, याचा विचार सुरू होतो.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट अशी की, सोळाव्या शतकातले पान पुष्कळदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पानापेक्षा अधिक पांढरे आणि चिवट असते. जुना कागद चिंध्यांचा होता. पुढे लाकडाचा लगदा आणि तुरटी-राळेची खळ आली. त्या कागदातले आम्लच त्याला आतून खात राहते, म्हणून तो तपकिरी होतो आणि दुमडताच तुटतो. हे पुस्तकात वाचून समजते. पण दोन्ही पाने एकामागोमाग बोटांखालून गेली, की पुन्हा विसरता येत नाही.

शाईथेंब

दप्तरदारांच्या यादीत मी छपाईचा दाब जोडेन. खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूवर तिरपा उजेड पडू द्या, अक्षरांचे उंचवटे दिसतात. कागद दाबाखाली जाण्याआधी ओला केलेला असे, म्हणून तो ठसा इतका खोल उतरतो.

मीमांसक

मी थोडे विरोधात लिहिणार आहे. कागद, दाब, जलचिन्ह हे सर्व मान्य. पण पुस्तकाचे मोल त्यातल्या मजकुरात असते. आज मोठ्या ग्रंथालयांनी आपल्या दुर्मिळ पुस्तकांच्या उत्तम प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. तोच मजकूर घरबसल्या, हव्या तितक्या मोठ्या आकारात वाचता येतो. असे असताना प्रथमावृत्तीला, आणि त्यातही तिच्यावरच्या मूळ कागदी वेष्टनाला जो भाव येतो, त्याचा वाङ्मयाशी काय संबंध आहे? विसाव्या शतकातल्या पुष्कळ कादंबऱ्यांच्या बाबतीत त्या वेष्टनाची किंमत आतल्या पुस्तकाहून कितीतरी अधिक ठरते. शिवाय विकला गेलेला ग्रंथ कोणाच्या तरी खासगी कपाटात जातो आणि अभ्यासकांच्या नजरेआड होतो. पुस्तकावर प्रेम करणाऱ्या माणसाला या व्यवहाराचा आनंद कसा वाटावा, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

अनुक्रमणिका

मीमांसक, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

"तोच मजकूर" हे गृहीतकच तपासून पाहावे लागते. हातछपाईच्या काळात छपाई चालू असतानाच मुद्रिते, म्हणजे तपासणीसाठी काढलेले ताव, वाचली जात आणि चूक सापडली की यंत्र थांबवून खिळे बदलले जात. परंतु आधी छापलेले ताव टाकून देण्याइतका कागद स्वस्त नव्हता. दुरुस्त आणि अदुरुस्त ताव एकत्रच बांधले जात. त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या असतीलच असे नाही. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा पहिला संग्रह याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. चार्ल्टन हिनमन या अमेरिकन अभ्यासकांनी दोन प्रतींची तीच पाने आरशांच्या साहाय्याने आलटून पालटून एकाच जागी दाखवणारे यंत्र तयार केले. जिथे फरक असेल तिथे अक्षरे हलल्यासारखी दिसत. पन्नासहून अधिक प्रती अशा ताडून त्यांनी १९६३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच प्रतीची प्रतिमा कितीही सुबक असली, तरी हे काम तिच्यावरून झाले नसते.

आवृत्त्यांचेही तसेच आहे. डार्विनचा सजीवांच्या जातींच्या उगमावरचा ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्ये आला, तेव्हा त्याच्या १२५० प्रती छापल्या होत्या. लगेच जानेवारी १८६० मध्ये दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्या शेवटच्या वाक्यात, जीवनाचा श्वास मुळात कोणी फुंकला याविषयी, निर्मात्याचा उल्लेख नव्याने आला. पहिल्या आवृत्तीत तो नाही. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून शेवटचे पान उघडले, तर लेखक दोन महिन्यांत कोणत्या दबावांमधून गेला असेल याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. प्रथमावृत्तीचे मोल मला अशा ठिकाणी पटते.

खासगी कपाटांविषयी म्हणाल, तर आज ज्या ग्रंथालयांच्या प्रतिमा तुम्ही वाचता, त्यांतली कित्येक खासगी संग्रहांतूनच उभी राहिली. अमेरिकेतल्या फोल्जर या संग्राहक दांपत्याने शेक्सपिअरच्या त्या संग्रहाच्या ८२ प्रती जमवल्या आणि १९३२ मध्ये उघडलेल्या त्यांच्या ग्रंथालयात त्या आजही आहेत. हिनमन यांनी काम केले ते तिथेच. एका माणसाने एकाच पुस्तकाच्या इतक्या प्रती घेणे त्या काळी पुष्कळांना अनाठायी वाटले असेल. ज्ञानाला उपयोग झाला तो त्या हट्टाचाच.

वेष्टनाच्या किमतीबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार नाही.

नवी_पाटी

मी अशा प्रदर्शनाला अजून गेलेली नाही, पण हा धागा वाचून जाणार आहे. एक प्राथमिक शंका आहे. ग्रंथ हाताळताना पांढरे सुती हातमोजे घालावे लागतात का? आणि काही मोडले किंवा फाटले तर, या भीतीने मला हात लावायचाच धीर होणार नाही असे वाटते.

सुईदोरा

नवी_पाटी, मी बांधणीचे काम करतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देतो. छापील पुस्तकासाठी हातमोजे घालू नयेत. सुती मोज्यांमुळे बोटांची जाणीव बोथट होते, पान चिमटीत नीट येत नाही आणि त्याच्या ठिसूळ कडा धाग्यांत अडकून फाटतात. स्वच्छ धुतलेले आणि पूर्ण कोरडे केलेले हात हेच सर्वांत सुरक्षित. जगातली मोठी ग्रंथालयेही आता हाच सल्ला देतात. जुनी छायाचित्रे आणि धातूचे काम असलेल्या बांधण्या यांना अपवाद समजावे.

फळीवरून पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नये. चामड्याची टोपी तिथेच तुटते, आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पुस्तकांत ही इजा सर्वाधिक आढळते. दोन्ही बाजूंची पुस्तके किंचित आत ढकलून मधल्याला कण्याच्या मध्यावर धरावे. उघडताना पुस्तक सपाट करू नये. ते स्वतःहून जितके उघडते तितकेच उघडू द्यावे आणि दोन्ही पुठ्ठ्यांना आधार द्यावा. बहुतेक विक्रेत्यांकडे त्यासाठी उशी किंवा उतरते ठोकळे असतात. शाईचे पेन खिशातच राहू द्यावे, टिपणासाठी शिसपेन्सिल न्यावी. काचेच्या कपाटातले पुस्तक पाहायचे असेल, तर संकोच न करता विचारावे. कपाट उघडून देणे हे विक्रेत्याचे कामच आहे.

तुमच्या मनातली भीती ही खरे तर चांगली खूण आहे. ज्याला ती वाटते, त्याच्या हातून सहसा काही मोडत नाही.

समासातली

कागदखूण यांच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणजे समास. मी पुस्तकात लेखकाआधी वाचक शोधते. पहिल्या कोऱ्या पानावरचे नाव, भेट देणाऱ्याने लिहिलेल्या दोन ओळी, आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली नाममुद्रा, आणि मग समासातल्या खुणा. कोणी एखाद्या युक्तिवादाशी पानभर भांडलेले असते. कोणी पहिल्या तीन प्रकरणांत रेघांवर रेघा ओढतो आणि चौथ्यापासून पुस्तक स्वच्छ होत जाते, म्हणजे त्याने वाचन कुठे सोडले हेही समजते.

कोलरिज या कवीला मित्र आपली पुस्तके मुद्दाम उसनी देत, कारण ती परत येत तेव्हा त्यांच्या समासांत त्याची टिपणे असत. निबंधकार चार्ल्स लॅमने १८२० च्या आपल्या निबंधात लिहून ठेवले आहे की, कोलरिजला पुस्तके द्यायला कचरू नये, तो ती व्याजासह परत करतो. आणि फर्मा या फ्रेंच गणितीची गोष्ट तर गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. डायोफँटस या प्राचीन ग्रीक गणितीच्या ग्रंथाच्या १६२१ च्या आवृत्तीच्या आपल्या प्रतीत, समास अपुरा असल्याने एका प्रमेयाची सिद्धता इथे मावत नाही, असे त्याने लिहिले. त्याच्या मुलाने ती टिपणे १६७० मध्ये छापली, पण फर्माच्या हातची ती प्रत आजवर कोणाला सापडलेली नाही. त्या आवृत्तीची कोणतीही प्रत कधी समोर आली, तर मी तिचे समास आधी पाहीन, हे सांगायलाच नको.

मला मनापासून वाईट वाटते ते खोडलेल्या नावांचे. पुस्तक "स्वच्छ" दिसावे म्हणून पूर्वीच्या मालकाची सही रसायनाने पुसतात किंवा नावाची पट्टीच कापून टाकतात. त्या पुस्तकाने काढलेली शंभर वर्षे अशी एका कात्रीने नाहीशी होतात.

अक्षांश

समासातलींशी सहमत आहे. माझी आवड नकाशांची आहे. प्रदर्शनात सुट्या नकाशांच्या फायली चाळण्यात माझे तासन् तास जातात. किनारा काटेकोर रेखलेला आणि आतला प्रदेश कोरा, किंवा कोऱ्या जागी हत्ती आणि काल्पनिक डोंगर काढलेले. माहिती जिथे संपली तिथे नकाशाकाराने काय केले, हे मी पाहतो. कॅलिफोर्निया हे बेट आहे असे दाखवणारे सतराव्या शतकातले नकाशे तर पुनःपुन्हा भेटतात. एकाची चूक दुसरा उतरवून घेत असल्यामुळे ती किती टिकते, हे त्या एकाच फाईलमध्ये दिसते.

सुईदोरा

अक्षांश, नकाशांवरचे तुमचे प्रेम मला समजते. पण या सुट्या नकाशांपैकी पुष्कळसे कुठून आले, हेही इथे सांगितले पाहिजे. ते बांधलेल्या नकाशासंग्रहांतून कापून काढलेले असतात. अखंड ग्रंथाला येणाऱ्या किमतीपेक्षा सुट्या पानांची बेरीज अधिक भरते, म्हणून चांगली धडधाकट पुस्तके फाडली जातात. कण्यापाशी उरलेले कापलेल्या पानांचे दात मी पाहिले आहेत. हा व्यवहार मला मान्य नाही आणि अशा दालनापुढे मी थांबत नाही.

अक्षांश

धडधाकट ग्रंथ फाडण्याचे समर्थन मीही करणार नाही. परंतु निम्मी पाने आधीच गेलेल्या, कसर लागलेल्या ग्रंथाचे काय करावे? १९२१ मध्ये गेब्रिएल वेल्स या न्यूयॉर्कच्या विक्रेत्याने गुटेनबर्ग बायबलची, म्हणजे युरोपात खिळ्यांनी छापलेल्या पहिल्या मोठ्या ग्रंथाची, एक अपुरी प्रत सुटी करून पानेपाने विकली. त्यामुळे ज्या ग्रंथालयांना संपूर्ण प्रत कधीच घेता आली नसती, त्यांच्याकडे निदान एक पान आले आणि पुढच्या पिढ्यांतल्या विद्यार्थ्यांना ते पाहता आले. मला हा प्रश्न इतका सरळ वाटत नाही.

सुईदोरा

अपुरी प्रतही अभ्यासाला पुरेशी असते. कोणत्या प्रतीत कोणते पान, कोणाची बांधणी, कोणाची टिपणे हा संबंध एकदा तुटला, की तो पुन्हा जोडायला आयुष्ये खर्ची पडतात. विसाव्या शतकात ऑटो एगे या अमेरिकन संग्राहकाने मध्ययुगीन हस्तलिखिते सुटी करून विकली. आज अभ्यासक जगभर विखुरलेली तीच पाने शोधून संगणकावर पुन्हा एकत्र आणत आहेत. आपण आपापल्या मतावर राहू. माझी विनंती एवढीच आहे की, सुटे पान पाहताना ते कुठून आले, हा प्रश्न विक्रेत्याला विचारावा. त्याचे उत्तर पुष्कळ काही सांगते.

भिंगवाला

"कुठून आले" हा प्रश्न सुट्या पानांपुरता नाही, म्हणून लिहितो. बनावट पुस्तकांचा इतिहास वाचला, की प्रदर्शनातली प्रत्येक प्रत अधिक लक्षपूर्वक पाहावीशी वाटते. थॉमस वाइज हे त्यांच्या काळातले अत्यंत प्रतिष्ठित संग्राहक होते. १९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण विक्रेत्यांनी दाखवून दिले की, प्रसिद्ध इंग्रज लेखकांच्या कित्येक दुर्मिळ पुस्तिका त्यांवर छापलेल्या तारखांना निघालेल्याच नव्हत्या. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या सुनीतांच्या पुस्तिकेवर १८४७ हे साल होते, पण तिच्या कागदात रासायनिक प्रक्रिया केलेला लाकडाचा लगदा निघाला, जो त्या काळी कागदात वापरातच नव्हता. वाइज यांचे नाव त्या पुस्तकात थेट दोषी म्हणून घेतलेले नाही. तरी पुराव्याचा रोख कोणाकडे आहे हे वाचणाऱ्याला उमगते.

आणि हे जुन्या काळापुरते नाही. गॅलिलिओच्या १६१० सालच्या, दुर्बिणीतून केलेल्या निरीक्षणांवरच्या पुस्तकाची एक प्रत २००५ मध्ये बाजारात आली. तिच्यात चंद्राची जलरंगातली चित्रे होती आणि ती गॅलिलिओच्या हातची आहेत असे नामवंत तज्ज्ञांनी मान्य केले. पुढे निक वाइल्डिंग या इतिहासकाराला तिच्यावरचा ग्रंथालयाचा शिक्का खऱ्या शिक्क्यांशी जुळत नाही असे दिसले, आणि २०१२ पर्यंत संपूर्ण पुस्तकच बनावट असल्याचे सिद्ध झाले. ते घडवण्यामागे मारिनो मास्सिमो दे कारो होते, आणि तेच नेपल्सच्या गिरोलामिनी ग्रंथालयाचे संचालक असताना तिथली पुस्तके चोरल्याबद्दल दोषी ठरले.

दोन्ही प्रकरणांत खोटेपणा उघड झाला तो कागद, अक्षरांचे ठसे आणि शिक्के यांच्यावरून. मीमांसक म्हणतात ती वस्तूची आवड ही हौस तर आहेच, पण सत्य तपासण्याचे साधनही तीच आहे.

शाईथेंब

थोडे अवांतर. जुन्या पुस्तकांच्या वासाविषयी कोणीच कसे लिहिले नाही? २००९ मध्ये मात्या स्त्रलिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या कागदातून हवेत जाणाऱ्या वायुरूप द्रव्यांचे विश्लेषण केले. त्यावरून कागदाला धक्का न लावता त्याच्या प्रकृतीचा अंदाज करता येतो, असे त्यांनी दाखवले. म्हणजे तो वास कागदाच्या झिजेचा असतो. हे कळल्यावरही मला तो तितकाच आवडतो.

मधलीफळी

मी अशा प्रदर्शनांत दालन मांडते. धागा वाचत होते; कागदखूण यांचा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे, म्हणून माझ्या बाजूने लिहिते.

विकत न घेता चाळणारी माणसे आम्हाला हवी असतात. आमच्या पुष्कळशा उलाढाली दरवाजे उघडण्याआधीच, दालने लावताना, विक्रेत्यां-विक्रेत्यांत होऊन गेलेल्या असतात. नंतर जी माणसे येतात, त्यांच्यातल्या एखाद्याला आपल्या हातच्या ग्रंथाचे वेड लागावे अशी इच्छा असते, आणि ते त्याच दिवशी लागावे अशी अपेक्षा कोणीही जाणता विक्रेता करत नाही. विद्यार्थी म्हणून आलेली व्यक्ती पुढे ग्रंथपाल होते, संशोधक होते, किंवा आपल्या ऐपतीत बसेल असा एखादा नवाच विषय धरून संग्रह करू लागते.

आमचे काम फक्त घेण्या-विकण्याचे नसते, हे सांगायला मला दोन नावे घ्यावीशी वाटतात. लिओना रोस्टेनबर्ग आणि मॅडलिन स्टर्न यांनी अनेक दशके भागीदारीत दुर्मिळ ग्रंथांचा व्यवसाय केला. 'लिटल विमेन' या कादंबरीच्या लेखिका लुइझा मे अल्कॉट यांनी टोपणनावाने सनसनाटी कथा लिहिल्या होत्या, हे रोस्टेनबर्ग यांनी एका ग्रंथालयातल्या जुन्या पत्रांवरून शोधून १९४३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे स्टर्न यांनी त्या कथा पुन्हा वाचकांपुढे आणल्या. १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये दुर्मिळ ग्रंथांचे प्रदर्शन सुरू झाले, त्यातही स्टर्न यांचा मोठा वाटा होता. विक्रेत्याच्या टेबलावरून सुरू झालेले संशोधन कुठवर जाते, ते यातून दिसते.

काही व्यवहारातल्या गोष्टीही सांगते. पहिल्या दिवशीच्या पहिल्या तासात आम्ही गिऱ्हाइकांत गुंतलेले असतो. शेवटच्या दिवशी दुपारी या, तेव्हा बोलायला निवांतपणा असतो. "यातले कोणते आणताना तुम्हाला सर्वांत आनंद झाला?" असे विचारा. त्यावर मिळणारे उत्तर सहसा सर्वांत महाग ग्रंथाचे नसते. दालनावर छापील सूची असेल तर ती मागून घ्या. एखाद्या ग्रंथाचे नेमके वर्णन कसे करावे हे तिच्यातून शिकता येते. मागच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीच्या बारीक नोंदी दिसल्या तर नीट पाहा. पाने मोजून प्रत संपूर्ण असल्याची खात्री केली, अशी पूर्वीच्या एखाद्या विक्रेत्याची खूण तिथे असू शकते.

आणि भिंगवाला यांच्या मुद्द्यावर एक भर. १९४८ पासून विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनांचा एक आंतरराष्ट्रीय संघ आहे. त्याच्या नियमांप्रमाणे सदस्याने ग्रंथाचे दोष वर्णनात लिहिलेच पाहिजेत आणि ग्रंथाच्या अस्सलपणाची जबाबदारी घेतलीच पाहिजे. म्हणून दोष विचारायला लाजू नका. एखादे पान प्रतिकृतीवरून नव्याने घातले आहे का, कण्याचे चामडे बदलले आहे का, चित्रे सर्व आहेत का, हे विचारणारा माणूस आम्हाला आवडतो.

नवी_पाटी

मधलीफळी, तुमच्या प्रतिसादाने माझा निम्मा संकोच गेला. स्वस्त किंवा साध्या गोष्टीही अशा प्रदर्शनात असतात का, की सर्व काही काचेच्या कपाटातलेच असते?

मधलीफळी

भरपूर असतात. टेबलाखालच्या आणि कडेच्या खोक्यांत पत्रके, नाटकांच्या जाहिराती, बियाण्यांच्या सूची, शाळेची पुस्तके, रेल्वेची वेळापत्रके असे पुष्कळ काही असते. टिकवण्यासाठी छापलेले नसल्यामुळेच यांतले बरेचसे आज दुर्मिळ आहे. १६४० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये छापलेल्या स्तोत्रांच्या पुस्तकाच्या सुमारे १७०० प्रती निघाल्या होत्या, त्यांतल्या ११ उरल्या आहेत, कारण ते पुस्तक लोकांनी रोज हाताळून झिजवले. मोठ्या, जड, फारसे कोणी न वाचलेल्या ग्रंथांच्या प्रती मात्र पुष्कळदा ठणठणीत असतात. ती खोकी आधी पाहा.

मीमांसक

अनुक्रमणिका आणि भिंगवाला यांच्या उत्तरांवर विचार केला. वेष्टनांच्या किमतींविषयीचे माझे मत कायम आहे, आणि एखादे महत्त्वाचे हस्तलिखित अज्ञात खरेदीदाराकडे गेल्याचे वाचले की मला आजही अस्वस्थ वाटते. परंतु "तोच मजकूर" हे माझे म्हणणे टिकत नाही, हे मान्य करतो. मजकूर कसा सिद्ध झाला हे जाणण्यासाठी प्रती लागतात, एकाहून अधिक लागतात, आणि त्या शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. आता मला विचारायचे आहे की, माझ्यासारख्या मजकूर प्रथम मानणाऱ्या वाचकाने प्रदर्शनात काय शोधावे?

अनुक्रमणिका

तुम्ही बदललेली पाने शोधा. छपाई झाल्यावर लेखकाला किंवा प्रकाशकाला एखादे पान नको झाले, तर ते कापून त्याच्या उरलेल्या पट्टीवर नवे पान चिकटवले जाई. शिवणीजवळ बारकाईने पाहिले, तर ती अरुंद पट्टी दिसते. असे पान दिसले, की लगेच विचारायचे : इथे आधी काय होते, आणि ते का काढले? कधी ती साधी मुद्रणातली चूक असते. कधी एखाद्या व्यक्तीवरचा घणाघात मागे घेतलेला असतो. न कापलेल्या मूळ पानाची एखादी प्रत कुठे शिल्लक राहिली असेल, तर दोन्ही मजकूर हाती येतात. शुद्धिपत्रेही वाचा. तीच आवृत्ती दोन दालनांवर असेल, तर दोन्हींतली शुद्धिपत्रे ताडून पाहा. एकात असतात, दुसऱ्यात नसतात.

सुईदोरा

आणि बांधणी जिथे सुटली आहे तिथे डोकावून पाहा. जुने बांधणीकार कण्याच्या आत अस्तर म्हणून टाकाऊ कागद आणि चर्मपत्र वापरत. त्यांत हस्तलिखितांचे तुकडे आणि फुकट गेलेली छापील पाने असतात. युरोपातल्या खिळेछपाईच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत ज्याची गणना होते, तो एका जर्मन कवितेचा छोटा तुकडा १८९२ मध्ये माइंत्स इथे अशाच एका जुन्या बांधणीतून बाहेर आला. त्यामुळे कणा निखळलेली, पुठ्ठा लोंबणारी प्रत दिसली की लोक पुढे जातात आणि मी थांबतो. नव्याने सुबक बांधलेल्या प्रतीत हे सर्व झाकले गेलेले असते, किंवा बांधणाऱ्याने ते काढून फेकून दिलेले असते. मी स्वतः दुरुस्तीत जुन्या अस्तराचा एकही तुकडा टाकत नाही. पाकिटात घालून, कोणत्या जागेवरून निघाला ते वर लिहून, पुस्तकासोबत परत देतो.

कागदखूण

सुईदोरा, हे पाकीट पाहायला मिळाले तर मला फार आवडेल. मधलीफळी, तुम्हाला एक विचारतो : अशा सुटलेल्या बांधणीत आत पाहण्यासाठी लहान विजेरी आणि भिंग सोबत आणले तर दालनावर चालते का?

मधलीफळी

जरूर आणा. विजेरी थंड प्रकाशाची असू द्या, पुस्तक टेबलावरच राहू द्या आणि आधी एकदा विचारा. आत काही सापडले तर मलाही बोलावून दाखवा. विकायला आणण्यापूर्वी प्रत्येक कण्यात डोकावणे आम्हालाही जमत नाही.